कष्ट झाले, कसरतीचे काय?

हे पान वाचता वाचता एक गोष्ट करून पाहा. एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तिच्यावर बसा. दोन्ही हातांची छातीवर घडी घाला. हात कुठेही न टेकता पाच वेळा पूर्ण उभे राहा आणि पुन्हा बसा. शेजारच्याला घड्याळ बघायला सांगा. पंधरा सेकंदांच्या आत झाले तर ठीक. जास्त वेळ लागला, किंवा हात टेकल्यावाचून उठताच आले नाही, तर मांड्यांतली ताकद उतरली आहे असे समजावे. उतारवयातल्या माणसांची ताकद अजमावायला डॉक्टर मंडळीही हीच साधी परीक्षा घेतात.

आता कोणी म्हणेल, "साहेब, आम्ही दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत रानात राबतो. आम्हाला आणखी व्यायाम कशाला? तो शहरातल्या बसून खाणाऱ्यांनी करावा." गावोगावच्या बैठकांत हे मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची गणती नाही. म्हणणे वरवर रास्त वाटते. पण रानातले काम आता पूर्वीचे राहिले आहे का, याचा विचार करा.

मोट गेली, विजेचा पंप आला. जाते माळ्यावर गेले, उखळ परसात उलटे पडले. विहिरीतून पाणी शेंदणे बहुतेक घरांत थांबले. नांगरामागे कोसच्या कोस चालणारा गडी आता ट्रॅक्टरवर बसून असतो. हे सारे चांगलेच झाले. त्या कष्टांनी आपल्या आयाबहिणींची हाडे झिजली, ते दिवस परत यावेत असे मी कधी म्हणणार नाही. पण भार उचलण्याचे, ओढण्याचे, रेटण्याचे काम गेले आणि मागे राहिले ते वाकून तासन्‌तास खुरपण्याचे, वेचण्याचे, लावणीचे. या कामाने अंग आंबते, कंबर धरते. पण बळ वाढत नाही. रोज तेच, तेवढेच आणि त्याच बाजूने केलेले काम शरीर थकवते. बळ वाढवायचे तर भार थोडा थोडा चढवावा लागतो आणि मध्ये विश्रांती द्यावी लागते.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. तालमीत जाणारी पोरे बहुतेक शेतकऱ्यांचीच असत. दिवसभर औत हाकूनही ती पहाटे उठून जोर-बैठका मारीत, मुद्गल फिरवीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले, ते अशाच मातीतून तयार झालेले. शेतातले काम आहे, मग तालीम कशाला, असे तेव्हा कोणी म्हणत नसे. चूक एवढीच झाली, की तालीम ही तरण्या पोरांची आणि पुरुषांचीच असे आपण धरून बसलो. खरी गरज आहे ती पन्नाशी ओलांडलेल्यांना, आणि त्यातही बायकांना.

कारण असे. चाळिशीच्या सुमारास अंगातले स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वाढते. पाळी गेल्यावर बाईची हाडेही झपाट्याने ठिसूळ होतात. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. पुढचे तुम्हाला सांगायला नको. शस्त्रक्रियेचा खर्च, महिनेन्‌महिने अंथरूण, एक माणूस कायम उशापाशी, आणि इकडे तोडणीला आलेला माल. खुबा मोडलेली कित्येक माणसे पुन्हा पहिल्यासारखी चालतच नाहीत. ज्या आजीच्या जिवावर घरचे लोक निर्धास्त रानात जात होते, तिलाच मग उठवायला-बसवायला दोघे लागतात.

स्नायूंवर नेमाने भार दिला तर ते कोणत्याही वयात वाढतात. स्नायू ताणले गेले की हाडालाही ओढ बसते आणि हाड टिकून राहते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, म्हणून मधुमेहवाल्यांना या व्यायामाचा फायदा होतो. मांडी भक्कम झाली की गुडघ्यावरचा ताण हलका होतो आणि झिजलेल्या गुडघ्याचे दुखणेही बऱ्याच जणांचे कमी होते. रक्तदाबही थोडा उतरतो.

१९९० साली डॉ. मारिया फियातारोने यांनी अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेत केलेला प्रयोग छापून आला. दहा माणसे घेतली, सरासरी वय नव्वद, सगळी अशक्त. आठ आठवडे त्यांना पायांनी वजन उचलायला लावले आणि जमेल तसे वजन वाढवत नेले. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. दोघांची चालतानाची काठी सुटली. पुढे व्यायाम थांबवला, तर चारच आठवड्यांत ताकद पुन्हा उतरू लागली. नव्वदीत हे होते, तर साठीला कोणी "आता काय राहिलंय" म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगितले आहे, की सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढच्यांनी तोल व ताकद वाढवणारा व्यायाम तीन दिवस करावा.

करायचे कसे? नवा गोऱ्हा कामाला लावताना तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी खांद्याला जू सवयीचे करता, मग हलके लाकूड ओढायला लावता, मग रिकामी गाडी, आणि भरली गाडी त्यानंतर. शिवाय त्याला पेंड घालता आणि विसावा देता. तीच रीत स्वतःला लावा.

पाच लिटरचा एक प्लॅस्टिकचा कॅन घ्या. खाद्यतेलाचा घ्या, फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊनसुद्धा वापरू नका, तो घरातच नको. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे तराजूही नको. सुरुवातीला दोन लिटर पाणी भरा. कॅन छातीशी धरून खुर्चीवरून किंवा उंच बाजेवरून उठा-बसा. कॅन जमिनीवरून कमरेपर्यंत उचला. एका हाताने खांद्याच्या वर न्या, मग दुसऱ्या हाताने. भिंतीपासून दोन पावले मागे उभे राहून भिंतीला जोर काढा. चुलीच्या कट्ट्याला धरून टाचा उचला. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडा दम घेऊन पुन्हा एकदा. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. बारा सहज होऊ लागले की अर्धा लिटर पाणी वाढवा. कॅन भरला की दोन कॅन घ्या, दोन्ही हातांत धरून अंगणात चाला. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, पण लागोपाठ नको. अर्ध्या तासाच्या आत सगळे उरकते. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही.

हीच सवय गोण उचलतानाही उपयोगी पडते. युरियाची गोण ४५ किलोची, इतर बऱ्याच खतांची ५० किलोची. ती कमरेत वाकून उचलू नका. गुडघे मोडून खाली बसा, गोण पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचे तर पाय फिरवा, कंबर पिळू नका. शक्य असेल तिथे दोघांनी धरा. त्यात कमीपणा नाही.

पेंडीशिवाय बैल ओढत नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. भाकरीतून काही मिळतात, उरलेली डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून भरून काढा. आपल्या घरांत दूध डेअरीला जाते आणि वरणाचा तळ बाईच्या वाट्याला येतो, हे सगळ्यांना दिसते आणि कोणी बोलत नाही. व्यायाम तिला सांगायचा तर ताटही तिचे आधी भरा.

छातीत दुखणे, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, अंतर्गळ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी शेतीचा पदवीधर, वैद्य नव्हे. दुसऱ्या दिवशी अंग थोडे दुखते, ते चालेल. सांध्यात कळ आली तर मात्र वजन उतरवा.

पेरणीच्या आणि सुगीच्या धांदलीत दोन-तीन दिवस जमणार नाहीत, हे मीही जाणतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी करा; कमावलेली ताकद तेवढ्याने बऱ्यापैकी टिकून राहते. किती लिटरचा कॅन चालला होता, ते घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेत लिहून ठेवा, म्हणजे सुगी उरकल्यावर तिथूनच पुढे जाता येईल.