अडतं ते बोलताना नव्हे, वाचताना



दहावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या भिंतींवर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती चिकटतात. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला निघालेल्या मुलांचे पालक मुकाट्यानं फी भरतात. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे, म्हणून सांगतो: ते पैसे पाण्यात जातात. अकरावीच्या वर्गात मुलांना बोलू देतो कोण? त्यांचं अडतं ते पुस्तक वाचताना.

तेही जडजंबाल शब्दांवर नाही. 'मायटोकाँड्रिया' मुलं दोन दिवसांत पाठ करतात. बालभारतीच्या मराठी पुस्तकात तंतुकणिकेशेजारी तो कंसात छापलेलाही असतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द. मराठीत त्रिकोणाचा पाया वेगळा, रसायनातली आम्लारी वेगळी. इंग्रजीत दोन्ही 'बेस'. गणिताची उकल 'सोल्यूशन' आणि मिठाचं द्रावणही 'सोल्यूशन'च. आरशावरच्या स्तंभिकेला 'नॉर्मल' म्हटलं की मूल विचारतं, मग ॲबनॉर्मल कुठली? 'बॉडी ॲट रेस्ट' म्हणजे आराम करणारं शरीर, असं एका मुलीनं मला लिहून दिलं होतं. दहावीला विज्ञानात तिला नव्वदच्या वर गुण होते. जडत्व तिला माझ्याइतकंच कळत होतं.

यावर सेमी इंग्रजीकडे बोट दाखवलं जातं. मी पाहिलेल्या बहुतेक सेमीच्या वर्गांत शिक्षक मराठीत समजावतात आणि मुलं उत्तर इंग्रजीत घोकतात. घोकलेलं वाक्य जरा फिरवून विचारा, गाडी तिथेच थांबते.

बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजीत सारख्याच धड्यांची आहेत, पीडीएफ फुकट मिळते. नववीपासून आठवड्यातला एकच तास द्यावा. मराठीतून शिकवून झालेला धडा इंग्रजी पुस्तकातून वाचून घ्यावा, दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून. आशय आधीच कळलेला असतो, त्यामुळे मुलांचं सगळं लक्ष वाक्याच्या बांधणीकडे जातं. अकरावीच्या शिक्षकांनीही पहिल्या चाचणीपर्यंत मराठीत उत्तरं लिहू द्यावीत, पारिभाषिक शब्द तेवढे इंग्रजीत मागावेत. माझ्या काही सहकाऱ्यांना हे लाड वाटतात. वाटोत.

अकरावी-बारावीचं विज्ञान मराठीतच का नको, असं कुणी विचारेल. रास्त आहे. २०१७ पासून 'नीट' ही प्रवेश परीक्षा मराठीत देता येते, २०२१ पासून जेईई मेनही. मधली अकरावी-बारावीची दोन वर्षं मात्र वर्गात इंग्रजीच. हा उफराटा कारभार बदलावा असं मलाही वाटतं. पण तो बदलेपर्यंत यंदाची मुलं बारावी होऊन गेलेली असतील. त्यांच्यासाठी शाळांनी निकालानंतर प्रवेशफेऱ्यांत मोकळे जाणारे आठवडे तरी वापरावेत. तेवढ्यात 'प्रकाशाचे अपवर्तन' आणि 'गुरुत्वाकर्षण' हे दोन धडे इंग्रजीतून सहज वाचून होतात.

– एक निवृत्त शिक्षक, कराड