भाकरी आधी की सन्मान आधी?

कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात शिक्षणाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मुलाच्या मानसिक गरजांचा, त्याच्या आत्मप्रतिमेचा विचार ही सुखवस्तू मध्यमवर्गाची चैन आहे. आपल्या वस्तीतल्या मुलाला आधी पोटभर अन्न, वह्या-पुस्तके आणि शाळेला धड छप्पर मिळू द्या, मनाचे पुढे पाहता येईल. हा युक्तिवाद प्रामाणिकपणे केला जातो. त्यामागे दारिद्र्याचा प्रत्यक्ष अनुभव असतो, म्हणून त्याला तितक्याच गंभीरपणे उत्तर देणे भाग आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. तो स्वीकारणारी चळवळ शिक्षणातील विषमतेचा अर्धाच भाग पाहते आणि उरलेला अर्धा भाग प्रतिपक्षाच्या हाती सोपवते.

या युक्तिवादाला पुष्कळदा अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आधार दिला जातो. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने माणसाच्या गरजांची श्रेणी मांडली : भूक-तहान, सुरक्षितता, आपुलकी, सन्मान आणि अखेरीस स्वतःतील शक्तींचा विकास. परंतु हा क्रम ताठर नाही, खालची गरज संपूर्ण भागल्यावरच वरची जागी होते असे समजू नये, हेही त्याने त्याच निबंधात सांगितले आहे. पाठ्यपुस्तकांनी श्रेणी तेवढी ठेवली आणि खुलासा गाळला.

आपल्याला तर हे कळण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक गेले ते केवळ तहान भागवायला गेले नव्हते. आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तळ्यावर जात आहोत, अशीच त्या लढ्यामागची डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. अर्धपोटी माणसांनी सन्मानासाठी लढा दिला. पोट भरेपर्यंत थांबा, असे त्यांना सांगणारा कोण शहाणा ठरला असता?

त्याच आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसण्याचे गोणपाट रोज घरून आणायचे व संध्याकाळी परत न्यायचे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी प्यायचे नाही. शिपाई नसला तर पाणी नाही! या शाळेत भिंती होत्या, शिक्षक होते, पुस्तके होती. क्रमिक पुस्तकातील धड्यांबरोबर गोणपाटाचा धडाही तेथे दररोज शिकवला जात होता. त्या धड्याला न जुमानणारा एक विद्यार्थी आपल्याला ठाऊक आहे. त्या धड्याने ज्यांना कायमचे गप्प केले, अशांची नोंद कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतील ३२१ उच्चवर्णीय आणि ३२१ दलित मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी दिली. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक नव्हता. पण मुलांच्या मिश्र गटात प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली. बुद्धी तीच, कोडी तीच, बक्षिसाचे पैसेही तेच. बदलली होती फक्त एक गोष्ट : येथे आपल्याकडे कोण म्हणून पाहिले जात आहे, याची जाणीव.

आत्मप्रतिमा म्हणतात ती हीच. ती मुलाच्या डोक्यात आपोआप उगवत नाही. शिक्षकाची नजर, बाकांची मांडणी, हजेरी घेताना आडनावावर पडणारा जोर, प्रयोगशाळेची किल्ली आणि झाडू कोणाच्या हाती दिला जातो, या सगळ्यांतून ती घडते. म्हणजे ती सामाजिक निर्मिती आहे, आणि जे समाजाने घडवले ते समाजाला बदलताही येते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी शिकणाऱ्याच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत : आपल्या कृतीवर आपला अधिकार असणे, आपल्याला काही जमते याचा अनुभव येणे आणि आपण कोणाचे तरी आहोत असे वाटणे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्या शाळेने तिला अक्षरे दिलीच, शिवाय आपल्या समाजाचे दुःख हा लिहिण्याचा विषय आहे आणि तो मांडण्याचा अधिकार आपला आहे, हा विश्वासही दिला. तिन्ही गरजा तेथे एकत्र भागल्या.

आज बाजाराने हाच विषय विक्रीला काढला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग भरमसाट शुल्क घेऊन आत्मविश्वास विकतात. आरशासमोर उभे राहून 'मी समर्थ आहे' असे घोकायला लावतात. २००३ साली रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले की, नुसता आत्मगौरव वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला पुरावा मिळत नाही. उलट अभ्यास जमू लागला की आत्मगौरव वाढतो. बाजाराचे तत्त्वज्ञान सोयीचे आहे. अपयश आले तर दोष व्यवस्थेचा नव्हे, तुमच्या मनोवृत्तीचा! भाकरीवादी कार्यकर्ता मनाचा प्रश्न टाळतो तेव्हा ही रिकामी जागा हे वर्ग भरून काढतात.

शासनाचेही धोरण याच कसोटीवर तपासले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली, आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे ठरवले आणि खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी राखल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना नापास करण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी ती स्वीकारली. न शिकवता मुलाला वर ढकलणे हा त्याच्या क्षमतेचा अपमान आहे, हे मान्यच आहे. परंतु शिकवण्यात कसूर व्यवस्थेने करायची आणि 'नापास' हा शिक्का मुलाने वागवायचा, हा त्यावरचा इलाज नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना त्या २५ टक्क्यांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एका बाकावर बसू नये, हाच त्या सुटीचा व्यवहारातला अर्थ होता.

भाकरी की सन्मान, हा पेच मुळातच खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळाशाळांतून शिजवलेले अन्न मिळू लागले, हा मोठाच विजय. पण तीच खिचडी काही मुलांना वेगळ्या पंगतीत वाढली, तर पोट भरते आणि मन उपाशी राहते. एकाच ताटात दोन्ही प्रश्न आहेत.

म्हणून साथींनी शाळेत जावे तेव्हा पटसंख्या आणि गळके छप्पर यांच्याबरोबर आणखी काही पाहावे. पंगत एकच आहे काय? शेवटच्या बाकावर कोण बसते? पाणी कोण भरते? शाळा व्यवस्थापन समितीत मजूर आईला बोलू दिले जाते काय? आणि हेच प्रश्न आपल्या शिबिरांनाही विचारावेत. तेथे तीन दिवस बोलतात तेच ते चार-पाच वक्ते, आणि वस्तीतून आलेला तरुण सतरंज्या उचलून परत जातो. त्याला आपण समतेवर व्याख्यान ऐकवले, पण त्याचे म्हणणे ऐकले नाही. पुढच्या शिबिरात पहिले सत्र त्याच्याकडे सोपवून पाहावे.