चाकांवरचं घर आणि ताडपत्रीची कोपी

वाचकहो, सप्टेंबर सरत आला की अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या रेड नदीच्या खोऱ्यात चाकांवरची घरं येऊन उभी राहतात. बसएवढी मोटार, आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, संडास. त्यातून उतरणाऱ्यांत नवरा-बायकोची जोडपी पुष्कळ, त्यातली कित्येक साठी उलटलेली. ऐन पानगळीत देश ओलांडून ही मंडळी येतात, ती नुसत्या हौसेने नव्हे. ती येतात साखरेच्या कामाला.

आपली साखर उसाची. अमेरिकेत बनणारी निम्म्याहून अधिक साखर बीटाची. कंद यंत्राने उपटतात, ट्रकने आणतात आणि उघड्यावर त्यांचे प्रचंड ढीग रचतात. थंडीत ढीग गोठून टिकतो, म्हणून कारखान्याला पुढे कित्येक महिने माल पुरतो. ऊन वाढलं तर कंद ढिगात सडेल म्हणून काम बंद. पावसाने चिखल झाला तरी बंद. त्यामुळे हवा साथ देईल तेवढ्या दोनेक आठवड्यांत रात्रंदिवस, बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी काम उरकतात. ट्रक लावून घेणं, कंदाचे नमुने काढणं, यंत्राखालची माती ओढणं ही या जोडप्यांची कामं.

यातही सगळं गोड नाही. 2008 च्या मंदीत घर आणि पुंजी गमावलेली कितीतरी म्हातारी माणसं अशी फिरस्ती झाली. जेसिका ब्रूडर यांनी 2017 मध्ये त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला 2021 मध्ये ऑस्कर मिळालं. पण आपण घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. तिथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही संस्था 1973 पासून बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीची, म्हणजे आपल्या सहकारी कारखान्यांच्या जातकुळीतली. या हंगामी जोडप्यांना मोटार लावायला पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली जागा फुकट मिळते. काम दोन आठवड्यांचं, तरी जागा आधी तयार!

आता आपल्याकडे बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून नवरा-बायको ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत संसार भरून निघतात. दोघांचा मिळून एक कोयता. मुक्काम दोन आठवड्यांचा नव्हे, चार-पाच महिन्यांचा. आणि घर? बांबूवर टाकलेली ताडपत्री. पाणी मिळेल तिथून, संडासाला आडोसा उसाचा, तोही तोडून संपेपर्यंत.

याची किंमत बाई मोजते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या आरोग्याबद्दल 2019 मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक आहेत. पण अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छता नाही, डोक्यावर मोळी आणि खाडा झाला तर मुकादमाचा दंड, हे त्यातून वगळता येणार नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेचं सोडा, आपल्याला कुठलं परवडतंय! पण बंधूंनो, मोटार कोण मागतंय? अड्ड्यावर एक नळ, दोन-चार संडास, न्हाणी आणि रात्रीचा दिवा, एवढंच. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्याने आणि तेवढीच भर शासनाने घालायची, हे ठरलेलं आहे. तो पैसा अड्ड्यापर्यंत पोचला की नाही, हे सभासद म्हणून वार्षिक सभेत विचारायला काय हरकत आहे? ऊस आपला, कारखानाही आपला.

ज्या गावांतून जोडपी जातात तिथल्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गाड्या निघण्याआधी प्रत्येक कोयत्याची नोंद करावी, ओळखपत्र हातात द्यावं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. तिथे नाव घालायचं ते पोर ट्रॉलीत बसायच्या आधी, नंतर नव्हे. ज्या गावांत जोडपी उतरतात तिथल्या पंचायतींनी अड्ड्याची जागा कारखान्याकडून आधीच ठरवून घ्यावी, आशाताईंना यादी द्यावी आणि अंगणवाडीत त्यांची लेकरं बसवावीत. ही माणसं परगावची असली तरी पाच महिने आपल्याच शिवारात राहतात.

दरसाल बॉयलर पेटवण्याचा समारंभ होतो, मोळीची पूजा होते, हारतुरे होतात. यंदा त्या दिवसाआधी अड्ड्यावर नळाला पाणी आलंय का, तेवढं जाऊन बघा. नसेल तर समारंभातच विचारा, चारचौघांत.