इवलेसे अक्षर योद

दिल्लीत खान मार्केटपासून जवळच, हुमायून रोडवर ज्यूंचे एक छोटे प्रार्थनास्थळ आहे. जुडाह हयाम सिनेगॉग हे त्याचे नाव. ते 1956 मध्ये उभे राहिले. राजधानीत ज्यू कुटुंबे अगदी मोजकी. या सिनेगॉगची व्यवस्था अनेक दशके ज्यांनी पाहिली ते इझिकेल इसाक मालेकर मूळचे महाराष्ट्रातले, बेने इस्रायल समाजाचे. कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, तोच हा समाज. दिल्लीतल्या हिब्रू प्रार्थनेला असा मराठी शेजार आहे.

ज्यूंचा पवित्र ग्रंथ तोरा. तो चर्मपटाच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला असतो आणि वाचताना त्याला बोट लावत नाहीत. टोकाला इवलासा हात असलेली एक कांडी ओळीवरून फिरवतात. तिला 'याद' म्हणतात. हिब्रूत याद म्हणजे हात. याच शब्दाशी नाते सांगणारे एक अक्षर हिब्रू वर्णमालेत आहे, योद. 22 अक्षरांतले हे दहावे. अंक म्हणून लिहिले तर त्याची किंमतही दहा. पण आकाराने सर्वांत लहान. स्वल्पविराम उचलून ओळीच्या वरच्या अंगाला टांगावा, तसे ते दिसते. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटावे असे.

ख्रिस्ती माणसाला या अक्षराचे अगत्य वाटते ते येशूच्या एका वाक्यामुळे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो, की आकाश आणि पृथ्वी टळेपर्यंत नियमशास्त्रातले सर्वांत लहान अक्षर किंवा अक्षराचे एखादे टोकही टळणार नाही. मूळ ग्रीक पाठात येथे 'आयोटा' हे अक्षर आहे. ग्रीकांचा आयोटा योदवरूनच आलेला, आणि ऐकणारे लोक ज्यू असल्याने त्यांच्या डोळ्यांपुढे योदच उभे राहिले असणार. मराठी बायबलमध्ये मात्र ना योद आहे, ना आयोटा. तिथे 'काना' आणि 'मात्रा' आहे! अनुवादकाला दाद द्यावी अशी ही जागा आहे. योद म्हणजे काय ते समजावायला टीप लागली असती. काना-मात्रेला ती लागत नाही.

एका अक्षराने काय होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नकोच. 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासकारांचे मत काही असो, 'ध चा मा' भाषेत कायमचा बसला आहे.

ज्यू लेखनिक तर ही धास्ती रोजच बाळगून असतो. तोरामध्ये परंपरेने 3 लाख 4 हजार 805 अक्षरे मोजली जातात. त्यातले एक जरी गळले किंवा तुटले, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. योदला एक बारीक टोक असते, तेसुद्धा राहून चालत नाही. येशूच्या बोलण्यातले 'अक्षराचे टोक' हे असेच काहीतरी असावे, असे बरेच अभ्यासक मानतात.

येशूनंतरच्या शतकांत ज्यू धर्मपंडितांनी लिहून ठेवलेल्या कथांमध्ये योदच्या दोन फार सुंदर कथा आहेत. पहिली शलमोन राजाची. राजाने फार बायका करू नयेत, असा नियमशास्त्राचा दंडक. हिब्रूत त्या वाक्यातले 'फार करू नये' हे क्रियापद योदने सुरू होते. शलमोनाने तो दंडक धाब्यावर बसवला, तेव्हा योद देवापुढे जाऊन रडले, 'त्याने मला पुसून टाकले!' देवाने धीर दिला की शलमोन आणि त्याच्यासारखे हजार राजे नाहीसे होतील, पण तुझा एक कणही पुसला जाणार नाही.

दुसरी कथा अब्राहामाच्या बायकोची. तिचे नाव आधी साराय होते, देवाने ते सारा केले. हिब्रूत लिहिताना शेवटचे योद गळले. ते बिचारे पिढ्यान् पिढ्या देवाकडे गाऱ्हाणे करत राहिले. शेवटी मोशेच्या काळात होशेय नावाच्या तरुणाचे नाव बदलून यहोशवा झाले, तेव्हा योदला त्याच्या आरंभी जागा मिळाली. बाईच्या नावात शेवटी होतास, आता पुरुषाच्या नावात पहिला झालास, अशी त्याची समजूत घालण्यात आली. (कथा रचणाऱ्यांनी याला बढती समजावे, हे त्या काळाला धरूनच झाले!)

ही कथा ज्यूंची. पण ख्रिस्ती वाचक इथे थबकतो. कारण येशूचे हिब्रू नाव येशुआ, आणि ते यहोशवा याच नावाचे छोटे रूप आहे. म्हणजे सारायच्या नावातून गळलेले अक्षर येशूच्या नावाच्या अग्रभागी येऊन बसले! कॅथलिक चर्चमधल्या क्रूसाच्या माथ्यावर आय, एन, आर, आय अशी चार रोमन अक्षरे दिसतात. त्यांतले पहिले 'आय' येशूच्या नावाचे. तेही आयोटामार्गे योदचेच वंशज.

अक्षरांत अर्थ शोधायचा म्हटला की त्याला अंत राहत नाही. काही प्रवचनकार देवाच्या चार अक्षरी हिब्रू नावाची फोड करून सांगतात, की योद म्हणजे हात, वाव म्हणजे खिळा, 'हे' म्हणजे पाहा. तेव्हा 'हात पाहा, खिळा पाहा' असा क्रूसाचा संकेत त्या नावातच आहे. ऐकायला हे चित्तवेधक आहे. पण बायबलमध्ये कुठेही ही फोड नाही आणि अक्षराच्या नावावरून शब्दाचा अर्थ लावण्याची ही रीत हिब्रू व्याकरणाला धरून नाही. 'कमळ'चा अर्थ 'क'वरून काढण्यापैकीच हे झाले. येशूने योदमध्ये गुपित असल्याचे म्हटलेले नाही. लहान आहे म्हणून ते टाकून देता येणार नाही, एवढेच त्याने सांगितले.

तरीही टाकून देण्याचा प्रयत्न झालाच. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या धर्मशिक्षकाने ज्यूंचा जुना करार ख्रिस्ती लोकांनी सोडावा, असा आग्रह धरला. इ. स. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढले. जुना करार राहिला. युरोपात पुढे ज्यूंना मात्र कित्येक शतके नगरांतून हाकलले गेले. ज्यांच्या लिपीतल्या सर्वांत लहान अक्षराची येशूने ग्वाही दिली, त्यांचीच ही गत झाली.

महाराष्ट्रात दोन्ही समाजांचा या लिपीशी संबंध आला तो वेगळ्या वाटेने. कोकणातल्या बेने इस्रायलांना शनिवार पाळणे ठाऊक होते, पण हिब्रूचे वाचन मागे पडले होते. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. अर्थात, आपल्या धर्माचा प्रसार हा त्यांचा हेतू होताच. बेने इस्रायलांनी भाषा घेतली, आणि बहुतेकांनी धर्म मात्र आपलाच ठेवला.

पुढे पंडिता रमाबाईंनी हीच लिपी गिरवली. संस्कृतच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात गौरवल्या गेलेल्या रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी स्वतः बायबल मराठीत आणायला घेतले, आणि मुळापासून करायचे म्हणून हिब्रू व ग्रीक या दोन्ही भाषा उतारवयात शिकल्या. तपाहून अधिक काळ हे काम चालले. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी ते थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी थोडेच दिवस शेवटची मुद्रिते तपासून झाली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. छापखाना मुक्तीचाच होता आणि तिथले काम आश्रमातल्या स्त्रियाच करत. आश्रमात दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. पुष्कळजणींना अक्षरओळख झाली होती ती तिथेच. त्या काळच्या छपाईत काना-मात्रांचे खिळेही एकेक करून हाताने जुळवावे लागत.