औषधांची जबाबदारी रुग्णावर, क्षमतेची पडताळणी मात्र नाही

नवी दिल्ली : वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्याचा विस्तार आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. रुग्ण घरी परतल्यानंतरच्या १५ दिवसांच्या औषधांचाही या योजनेत समावेश आहे. मात्र रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या वृद्धाची औषधे पंधरा दिवसांत संपत नाहीत. बहुतेकदा ती आयुष्यभर चालतात. सोळाव्या दिवसापासून या औषधांच्या खर्चाचा भार कुटुंबावर येतो. कोणती गोळी कधी, किती आणि कशी घ्यायची, ही जबाबदारी तर घरी पोहोचल्याच्या पहिल्या दिवसापासून रुग्णावर असते. ती पेलण्याची त्याची क्षमता आहे का, हे तपासण्याची ठरलेली पद्धत देशाच्या आरोग्यव्यवस्थेत सर्वत्र रुजलेली नाही.

या उणिवेचे महत्त्व लोकसंख्येच्या बदलत्या रचनेतून स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. केरळमध्ये ते १२.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल. भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासाशी (लासी) जोडलेल्या स्मृतिभ्रंशविषयक पाहणीनुसार साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. यांपैकी अनेकांचे निदानच झालेले नसते. साहजिकच औषधांचा डबा त्यांच्याच हाती असतो.

चुकीची किंमत

औषध घेण्यातील प्रत्येक चूक सारखी नसते. रक्तदाबाची एक गोळी एखाद्या दिवशी राहून गेली तर बहुधा मोठे संकट ओढवत नाही. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते गैरसमजाने रोज घेतले गेले तर तोंडात फोड येण्यापासून रक्तपेशींची निर्मिती मंदावण्यापर्यंत परिणाम होतात आणि रुग्णाचा जीवही जाऊ शकतो. रक्त गोठू न देणाऱ्या काही औषधांची मात्रा तपासणीच्या निष्कर्षानुसार वारंवार बदलते. एका दिवशी अर्धी गोळी, दुसऱ्या दिवशी एक, असा क्रम लक्षात ठेवणे तरुण माणसालाही सोपे नाही.

इन्शुलिनचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतात बाटलीतील इन्शुलिन बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिटचे असते, तर पेनमधील इन्शुलिन १०० युनिटचे. दोन्हींसाठीच्या सिरिंजवरील खुणाही वेगळ्या असतात. पेन बंद पडले म्हणून त्यातील इन्शुलिन ४० युनिटच्या सिरिंजमध्ये ओढले आणि नेहमीच्याच खुणेपर्यंत भरले, तर शरीरात अडीचपट मात्रा जाते. त्यातून रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. रुग्ण आज्ञाधारक होता, त्याने वेळ चुकवली नव्हती, तरीही तो संकटात सापडतो. म्हणूनच ‘औषध वेळेवर घेता का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले, तरी त्यातून सुरक्षिततेची खात्री मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात, विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सल्ल्यानुसार औषधे घेतात, असे नमूद केले होते. २०१७ मध्ये याच संघटनेने ‘हानीविना औषधोपचार’ ही जागतिक मोहीम सुरू केली. औषधविषयक चुकांचा जगाला दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलर खर्च सोसावा लागतो, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. या चुकांमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेत्यांच्या चुकाही येतात. मात्र रुग्ण घरी पोहोचल्यानंतर होणाऱ्या चुका पाहणारे सहसा कोणी नसते.

चाचणी नेमकी कशाची?

रुग्णाची औषध हाताळण्याची क्षमता मोजण्याचे प्रयत्न नवे नाहीत. अमेरिकेतील पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये वृद्धांच्या दैनंदिन कार्यक्षमतेची जी मापनपट्टी मांडली, तिच्यातील आठ बाबींपैकी एक औषधांविषयी होती. तिने रुग्णांचे तीन गट केले : योग्य मात्रा योग्य वेळी स्वतः घेणारे, कोणी आधी मात्रा वेगळी काढून ठेवल्यास घेऊ शकणारे आणि स्वतः औषध घेऊ न शकणारे. साधी वाटणारी ही विभागणी आजही उपयोगी आहे. ‘सक्षम’ आणि ‘असमर्थ’ यांच्यामध्ये थोड्या मदतीने स्वावलंबी राहू शकणारा मोठा वर्ग असतो, हे ती दाखवून देते.

१९९९ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीने ही पाहणी अधिक नेमकी केली. रुग्णाने स्वतःची औषधे समोर ठेवायची आणि प्रत्येक औषधासाठी चार गोष्टी करून दाखवायच्या : औषध ओळखणे, वेष्टन उघडणे, योग्य मात्रा काढणे आणि वेळ सांगणे. या चार पायऱ्या चार वेगळ्या अडचणी उघड करतात. मोतीबिंदू असलेला रुग्ण पहिल्या पायरीवर अडतो. बोटे आखडलेला दुसऱ्या पायरीवर, कारण त्याला स्ट्रिपमधून गोळी काढता येत नाही. हिशेबात गोंधळणारा तिसऱ्या आणि विस्मरण असलेला चौथ्या पायरीवर थांबतो. चौघांसाठी उपायही वेगळे आहेत : ठळक अक्षरे, सहज उघडणारी डबी, ठरलेली एकच मात्रा आणि आठवण करून देणारे माणूस. सर्वांना ‘औषधे नीट घ्या’ असे बजावल्याने यांपैकी एकही अडचण सुटत नाही. औषध संपण्यापूर्वी ते पुन्हा मिळवता येते का, हेही क्षमतेचेच अंग आहे. डोंगरी पाड्यावरून तालुक्याच्या गावी जाऊन औषध आणणे अशक्य असेल, तर स्मरणशक्ती कितीही तल्लख असली तरी उपचारात खंड पडतोच.

भारतीय घरातील अडथळे

परदेशी मापनपट्ट्या येथे जशाच्या तशा वापरता येत नाहीत. त्यांपैकी अनेक, लेबल लावलेली बाटली रुग्णाच्या हाती आहे असे गृहीत धरतात. भारतात औषध बहुधा स्ट्रिपमध्ये मिळते आणि हवे तेवढेच कापून दिले जाते. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरते, कधी मुदत संपल्याची तारीख, तर कधी दोन्ही जातात. छापील मजकूर प्रामुख्याने इंग्रजीत असतो. चिठ्ठीवरील ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे जाणकारांना सहज कळते. प्रथमच औषध घेणाऱ्या निरक्षर वृद्धेला ते कोणी समजावल्याशिवाय कळत नाही. सरकारी दवाखान्यातून एका नावाने मिळालेले औषध बाहेरच्या दुकानातून दुसऱ्या नावाने घेतले जाते आणि दोन्ही वेगळी समजून एकाच वेळी घेतली जातात, हा धोकाही खरा आहे.

ही परिस्थिती न्यायालयाच्याही नजरेतून सुटलेली नाही. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरील औषधांच्या नावांतील साम्याविषयी २००१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशातील भाषांची विविधता आणि निरक्षरता लक्षात घेतली होती. औषधांच्या नावांतील साम्य इतर वस्तूंपेक्षा कठोर निकषावर तपासले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत, औषधांच्या मूळ नावासह लिहावी, असा नियम तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. नोंदणीकृत औषधनिर्मात्याने रुग्णाचे समुपदेशन करावे, हे २०१५ च्या औषधनिर्माण व्यवसाय विनियमांत नमूद आहे. नियमांचा अभाव नाही. गर्दीच्या काउंटरवर ते पाळले जात आहेत का, हे पाहणारी यंत्रणा दुबळी आहे.

क्षमतेचा प्रश्न विचारलाच जात नाही, असेही म्हणता येणार नाही. लासीच्या सर्वेक्षणात दैनंदिन साधनात्मक क्रियांमध्ये औषधे घेण्यातील अडचणीची नोंद घेतली जाते. परंतु सर्वेक्षणातील उत्तर धोरणकर्त्यांपर्यंत जाते. त्या व्यक्तीच्या केसपेपरवर ते येत नाही. आशा सेविका घरोघरी भरत असलेल्या सामुदायिक तपासणी सूचीत वृद्धांसाठी तोल जाणे, विस्मरण, खाणे, कपडे घालणे, अंघोळ यांविषयी प्रश्न आहेत. स्वतःची औषधे स्वतः घेता येतात का, हा प्रश्न त्याच ओळीत स्वतंत्रपणे बसू शकतो.

पाळत की साहाय्य?

औषधे घेण्यावर देखरेख ठेवण्याचा देशाला मोठा अनुभव आहे. १९९७ पासून क्षयरोग कार्यक्रमात थेट देखरेखीखाली उपचाराची पद्धत अवलंबली गेली. रुग्णाने दुसऱ्यासमोर गोळी गिळायची, हे तिचे सूत्र होते. त्यामागे संसर्ग आणि औषधांना न जुमानणारे जंतू यांची रास्त चिंता होती. मात्र ही पद्धत सर्वांना सरसकट लागू झाली. देखरेखीची गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, हा भेद तिच्या मुळाशी नव्हता. रोजंदारी बुडवून केंद्रावर येणे अनेकांना जड गेले. पुढे रोजच्या एकत्रित मात्रेच्या गोळ्या, दूरध्वनीद्वारे नोंद आणि घराजवळचा उपचार-सहायक अशा वाटा खुल्या झाल्या. दीर्घकालीन आजारांच्या बाबतीत उलट टोक दिसते : तेथे सर्वांना सरसकट सक्षम मानले जाते.

क्षमतेची पडताळणी ही या दोन टोकांमधील वाट आहे. परंतु तिच्यातही धोका आहे. ‘तुम्हाला जमत नाही’ असा शेरा एकदा बसला की वृद्धाच्या हातून औषधांबरोबर पैसे, निर्णय आणि घरातील मानही निसटू शकतो. म्हणून दोन गोष्टींत फरक करणे आवश्यक ठरते. औषध घ्यावे की नाही, हे ठरवण्याची क्षमता वेगळी आणि ठरवलेले औषध प्रत्यक्ष हाताळण्याची क्षमता वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीलाही उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता आहे असे मानण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. माहिती समजून घेणे, परिणाम जाणणे आणि निर्णय कळवणे हे त्याचे निकष आहेत. स्ट्रिप उघडता न येणाऱ्या वृद्धाचा निर्णयाचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही.

दुसरा धोका चुकीच्या निदानाचा. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा नागरिकांनी थेट खिशातून उचलला. महिनाभराच्या गोळ्या दीड महिना पुरवणारा रुग्ण विसराळू नसतो. तो हिशेबी असतो. एखादी गोळी घेतल्यावर चक्कर येते म्हणून ती टाळणाराही असमर्थ नसतो. अशांना चाचणीत नापास ठरवून डबी हाती दिल्याने काहीच साधणार नाही. पहिल्याला स्वस्त किंवा मोफत औषध हवे, दुसऱ्याला चिठ्ठीत बदल.

आधी चिठ्ठी तपासावी

क्षमतेच्या पडताळणीत रुग्णाइतकीच चिठ्ठीचीही परीक्षा होते, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या आणि दिवसातून पाच वेळा घ्यायच्या अकरा गोळ्या असतील, तर अपयश रुग्णाचे नसून आखणीचे असते. अनावश्यक औषधे कमी करणे आणि शक्य तेथे दिवसातून एकदाच घ्यायची मात्रा देणे हा पहिला उपाय ठरतो. २०१७ मध्ये महाराष्ट्र, केरळ, पंजाब, मध्य प्रदेश आणि तेलंगणमध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हीच दिशा धरली : राज्यनिहाय ठरलेला साधा उपचारक्रम, घराजवळच्या केंद्रावर महिन्याची औषधे आणि डॉक्टरांबरोबरच परिचारिका व अन्य कर्मचाऱ्यांचा सहभाग.

पुढचे पाऊल फार खर्चिक नाही. रुग्णालयातून घरी सोडताना आणि वर्षातून एकदा औषधे नव्याने देताना, रुग्णाला त्याचीच औषधे समोर ठेवून ओळखायला, काढायला आणि वेळ सांगायला लावणे काही मिनिटांत शक्य आहे. ‘समजले का’ असे विचारण्याऐवजी ‘घरी गेल्यावर कसे घ्याल ते दाखवा’ असे म्हणणे एवढाच त्यातला मुख्य बदल आहे. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना एवढाही वेळ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणूनच हे काम परिचारिका, औषधनिर्माते आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांतील समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडे सोपवणे व्यवहार्य ठरते. मेथोट्रेक्सेट, इन्शुलिन आणि रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांपासून सुरुवात केली, तर थोड्या मनुष्यबळात सर्वाधिक धोका टाळता येईल.

मात्र पडताळणीनंतर मदत देण्याची तयारी नसेल, तर ती केवळ आणखी एक रकाना भरण्यापुरती उरेल. मुले नोकरीनिमित्त दूर असलेल्या घरात एकट्या वृद्धाला ‘कोणाची तरी मदत घ्या’ असे सांगणे म्हणजे प्रश्न त्याच्याच हाती परत देणे होय. आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या करून देण्याची सोय जवळच्या केंद्रात होईल का, चिठ्ठी रुग्णाच्या भाषेत मिळेल का, घरी कोण जाईल आणि त्याचा मोबदला कोण देईल, या प्रश्नांची उत्तरे राज्य सरकारांना द्यावी लागतील. रुग्णालयाचे देयक भरण्याची हमी सरकारने घेतली आहे. त्या उपचारांचा लाभ घरी टिकावा, यासाठीची हमी अद्याप द्यायची आहे.