पत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकू नका

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतले एक शेजारी संध्याकाळी दारात आले. हातात नाताळच्या उपासनेची छापील पत्रिका होती. माणूस केरळचा, हिंजवडीत नोकरीला. मराठी मोडकंतोडकं, पण बोलणं मायेचं. दरवर्षी ईदला आमच्याकडे शिरखुर्मा खायला येतात. तरी पत्रिका पुढे करताना म्हणाले, "जमलं तर या. नाही आलात तरी काही नाही. आणि भाई, ग्रुपवर याचा फोटो टाकू नका."

मी बरं म्हटलं, पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. लग्नाची पत्रिका, गणपतीची आरती, सत्यनारायण, उरुसाचा भंडारा, यातलं कुठलंच बोलावणं कोणी असं दबक्या आवाजात देत नाही. मग नाताळचंच का?

मुळशी म्हटलं की लोकांना धरण, सेनापती बापटांचा सत्याग्रह आणि आंबेमोहोर आठवतो. पण हिंजवडी याच तालुक्यात येते. भूगाव-पिरंगुटच्या पट्ट्यात देशभरातून आलेली माणसं राहतात, आणि माणसं येतात ती आपापले देव घेऊनच येतात. शेजाऱ्यांच्या मंडळींकडे स्वतःचं चर्च नाही. रविवारी एक हॉल भाड्याने घेतात. शिखर नाही, घंटा नाही. त्यामुळे बाहेरच्याला ते आत काय करतात हे कळत नाही, आणि जे कळत नाही त्याविषयी माणसं लगेच कुजबुजू लागतात.

ख्रिस्ती माणूस हा आपल्याकडे काही कालपरवाचा पाहुणा नाही. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, तेही ओवीत. पुण्यात 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांच्या चर्चसाठी जागा दिली. तेच आजचं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीला आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीला सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. कोणी नवस फेडतं, कोणी मेणबत्ती लावून घरी येतं.

संशयही तितकाच जुना आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले त्यांत होते. नावं वर्तमानपत्रात आली आणि शहरात गदारोळ झाला. ग्रामण्य, शंकराचार्य, प्रायश्चित्त असं प्रकरण पुढे चाललं. एका कप चहापायी! आज आपण हा किस्सा हसत हसत सांगतो. पण पत्रिकेचा फोटो ग्रुपवर नको म्हणणारा माझा शेजारी त्याच पंचहौदाच्या अंगणात उभा आहे. वर्तमानपत्राची जागा तेवढी मोबाइलने घेतली आहे.

यावर लोक म्हणतात, बोलावणं निमित्त असतं, खरा हेतू धर्मांतराचा असतो. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. आजारपणाचा, गरिबीचा फायदा घेऊन कोणी कोणाला ओढत असेल तर ते वाईटच, मग ओढणारा कोणत्याही धर्माचा असो. कायद्याचंही म्हणणं स्पष्ट आहे. संविधानाच्या 25 व्या कलमाने धर्माच्या प्रचाराचा हक्क दिला. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितलं. म्हणजे आपली श्रद्धा सांगायला, त्यासाठी बोलवायला मोकळीक आहे. पण मग उघडपणे छापील पत्रिका देणाऱ्याला घाबरवून आपण काय साधतो? जो उघड बोलावतो त्याच्याकडे लपवण्यासारखं कमीच असतं. त्याला लपायला आपण भाग पाडतो आणि मग विचारतो, हे लोक लपूनछपून काय करतात?

मी जाणार म्हटल्यावर घरी थोडी चर्चा झाली. अम्मी म्हणाली, "क्या होता? वो अपने घर को आते ना?" तिच्या मते विषय तिथेच संपला.

हॉलच्या दारात एका मुलीने मला मागच्या रांगेत खुर्ची दिली आणि हळूच सांगितलं, उभं राहिलंच पाहिजे असं नाही, नुसतं बसलात तरी चालेल. त्या एका वाक्याने अवघडलेपण गेलं. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा पाळकांनीच सांगितलं की ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, पाहुण्यांनी बसून राहावं. कोणी माझं नाव-नंबर लिहून घेतला नाही. पाहुण्याला बोलवावं तर असं. काय होणार, त्याने काय करायचं आणि काय नाही केलं तरी चालेल, हे आधी सांगावं.

मरियमची गोष्ट ऐकताना मला परकं वाटलं नाही. कुरआनात तिच्या नावाची सूरह आहे. ईसा आमच्यासाठी पैगंबर, त्यांच्यासाठी देवाचा पुत्र. हा फरक मोठा आहे आणि केक खाऊन तो मिटत नाही. मिटावा अशी माझी अपेक्षाही नाही. सीरतग्रंथांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची गोष्ट आहे. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा पैगंबरांनी त्यांना मदिनेच्या मशिदीतच प्रार्थना करू दिली. मतभेद तेव्हाही तेवढाच होता.

परत येताना शेजाऱ्यांनी विचारलं, "भाई, तुमच्या मशिदीत आम्ही आलो तर चालतं का?" मी पटकन म्हटलं, "हो, चालतं की!" आणि मग गप्प झालो. इतक्या वर्षांत मी त्यांना शिरखुर्म्याला बोलावलं होतं, मशिदीत एकदाही नाही. महाराष्ट्रात काही ठिकाणी 'मस्जिद परिचय'चे कार्यक्रम होतात, गैरमुस्लिम शेजारी येऊन नमाज पाहतात, प्रश्न विचारतात. त्यांचे फोटो मी कौतुकाने पुढे पाठवले आहेत. माझ्या मोहल्ल्यात असं काही व्हावं म्हणून मात्र तोंड उघडलं नाही. आपल्याविषयी लोकांना काही माहीत नाही, ही तक्रार मी याच ब्लॉगवर कितीदा केली आहे. माहीत कसं होणार, दार तर मीच लोटून घेतलं होतं.

येत्या रमजानमध्ये एका इफ्तारला शेजाऱ्यांना मशिदीत बोलवावं, असं मी आमच्या विश्वस्तांना विचारलं आहे. दोघे हो म्हणाले, एक म्हणाले, "लोक काय म्हणतील?" त्यांना मी पंचहौदाचा चहा सांगितला. ते हसले, पण होकार अजून आलेला नाही. मी पुन्हा विचारणार आहे. आणि परवानगी मिळाली तर त्या बोलावण्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर मी स्वतः टाकणार आहे.