हलाल की झटका? पाटी जरूर वाचा, पण नोंदणी क्रमांकही बघा

मटण कसं कापलं, हा प्रश्न पूर्वी गावात कुणी फारसा विचारत नव्हतं. आता दुकानाच्या पाटीवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तोच विषय आहे. मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू खाटकांच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं. त्यावर राज्यभर वाद झाला. खंडोबाचं नाव मटणाच्या प्रमाणपत्राला कशाला, असा आक्षेप खुद्द जेजुरीतूनही आला. या गदारोळात दोन साध्या गोष्टी मागे पडल्या: हलाल म्हणजे नेमकं काय, आणि गिऱ्हाइकाच्या तब्येतीशी त्याचा संबंध किती.

हलालचे नियम काय?

हलाल म्हणजे इस्लाममध्ये जे चालतं ते. जे चालत नाही ते हराम. मेलेलं जनावर, वाहतं रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेलं जनावर कुराणाने हराम ठरवलं आहे.

जे जनावर चालतं, तेही ठरलेल्या पद्धतीनेच कापावं लागतं. सुरी धारदार हवी. कापताना जनावर जिवंत हवं. अल्लाहचं नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरवायची, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापायच्या, आणि रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यायचं. मुंडकं एका झटक्यात वेगळं करायचं नाही. गावात ‘कलमा पढला’ असं म्हणतात, पण त्या वेळी म्हटलं जातं ते ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’. मासळीला यातलं काही लागत नाही.

जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, हाही नियमाचाच भाग आहे. त्याच्यासमोर सुरीला धार लावू नये, दुसऱ्या जनावरादेखत कापू नये, अशी शिकवण आहे. यंत्राने किंवा विजेच्या धक्क्याने आधी बेशुद्ध करावं का, यावर मुस्लिम धर्मपंडितांमध्येच एकमत नाही. धक्क्याने जनावर मरणार नसेल तर चालेल असं काही म्हणतात, काहींना तेही मान्य नाही.

आणि झटका?

झटक्यात एकाच घावात मान धडावेगळी करतात. शीख रहित मर्यादेत मुस्लिम पद्धतीने कापलेलं मांस, म्हणजे ‘कुठा’, वर्ज्य आहे. नांदेडच्या हजूर साहिबमध्ये बोकडाच्या झटक्याची परंपरा आजही आहे. म्हणजे एकाला हलालच लागतं, तर दुसऱ्याला ते चालतच नाही. दोन्हीकडे प्रश्न श्रद्धेचा आहे.

गावची जुनी रीत

महाराष्ट्राच्या गावगाड्यात मात्र ही वाटणी इतकी सरळ कधीच नव्हती. बलुत्यांच्या यादीत मुलाणी होता, आणि बोकडाच्या मानेवर सुरी फिरवणं हे त्याचं गावकीतलं काम होतं. जत्रेचं बोकड असो की पिराची कंदुरी, कितीतरी हिंदू घरं मुलाण्यालाच बोलवायची आणि त्याला त्याचा वाटा द्यायची. बोकड हिंदू घरचं, सुरी मुलाण्याची आणि पंगत सगळ्या गावाची, असा तो व्यवहार होता. आज कुणी झटकाच मागितला तर तो त्याचा हक्क आहे. पण हलाल मटण गावावर आता कुणीतरी लादलं, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. एखाद्या समाजाच्या धर्मानुसार लागणाऱ्या पद्धतीने जनावर मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असं त्याचं कलम २८ सांगतं. या कलमाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये फेटाळली. कुणी काय खावं हे न्यायालय ठरवू शकत नाही, ज्याला हलाल हवं त्याने हलाल खावं, ज्याला झटका हवा त्याने झटका, असा त्या सुनावणीचा सूर होता.

याचा अर्थ बाकीचे कायदे सुटले असा नाही. राज्यात गाय, बैल आणि वळू कापायला बंदी आहे, मग पद्धत कोणतीही असो. कत्तलखान्यांसाठी २००१ चे केंद्राचे नियम आहेत. गाभण किंवा तीन महिन्यांपेक्षा लहान जनावर कापू नये, डॉक्टरची तपासणी हवी आणि एका जनावरासमोर दुसरं कापू नये, असं ते सांगतात. शेवटची अट तर हलालच्या शिकवणीशी तंतोतंत जुळते.

प्रमाणपत्र कशाचं?

खरी गल्लत इथे होते. हलालचा शिक्का असो वा मल्हारचं प्रमाणपत्र, त्यातून मुख्यतः जनावर कोणत्या रीतीने आणि कुणी कापलं ते कळतं. आखाती देशांत मांस पाठवायचं तर हलाल प्रमाणपत्र लागतं, तो व्यापाराचा भाग आहे. उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणित मालावर बंदी घातली, तेव्हा निर्यातीचा माल त्यातून वगळला. तालुक्याच्या बाजारातल्या दुकानाला मात्र यातलं कोणतंच प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नाही.

सक्तीची आहे ती अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना. आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. आठवडी बाजारात गटाराच्या कडेला, माश्या घोंघावत असताना टांगलेलं मटण हलाल असलं काय आणि झटका असलं काय, पोट बिघडायचं ते बिघडणारच.

मटण घेताना हे बघा

- दुकानात १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक लावलेला आहे का?
- बोकड कुठं कापलं? डॉक्टरने तपासलं होतं का?
- मटण जाळीत किंवा काचेत झाकलेलं आहे का? ओंडका, सुरी आणि पाणी स्वच्छ आहे का?
- रंग काळपट, वास आंबूस किंवा हाताला चिकट लागत असेल तर घेऊ नका.
- हलाल की झटका, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल तर सरळ विचारा. दुकानदाराने खरं सांगायलाच हवं. एक सांगून दुसरं देणं ही फसवणूक आहे, मग फसलेला गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचा असो.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

कोणत्या पद्धतीचं मटण खायचं हे ज्याच्या त्याच्या घरी ठरेल, आणि ते तिथेच ठरावं. पण स्वच्छ जागा, तपासलेलं जनावर आणि पाणी जायला नीट गटार ही ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि प्रशासनाची जबाबदारी आहे. ग्रामसभेत पाटीवरून भांडण होण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आपल्या बाजारात मटण कापायला धड ओटा तरी आहे का?